‘रात्री लावणे’ : रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाच्या मुरमांचे प्रकरण

पार्श्वभूमी

मी नवी मुंबईत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण कोपरखैरणे परिसरात राहणाऱ्या एकवीस वर्षांच्या एका तरुणाचे आहे. त्याच्या संमतीने ते येथे मांडत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील माथाडी कामगार, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, घरात आईवडील, तो आणि धाकटी बहीण. बारावीनंतर त्याने बाहेरून बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि तुर्भ्याच्या बाजार समितीतील भाजीपाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिण्याचे काम धरले. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात आणि व्यवहार उजाडण्याआधी सुरू होतो. त्यामुळे तो रात्री एकच्या सुमारास मोटारसायकलने घरातून निघत असे आणि सकाळी साडेनऊ-दहाला परतत असे. न्याहारी करून साडेदहाला झोपायचे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास उठायचे, असा त्याचा दिवस होता. यातले काहीही मला पहिल्या भेटीत माहीत नव्हते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ तिथेच आहे.

मुरमे त्याला सोळाव्या वर्षापासून होती. आईने मुलतानी माती, हळद-चंदन, लिंबाचा रस हे सगळे करून पाहिले होते. पोटात उष्णता आहे म्हणून सब्जा आणि गुलकंदही झाले होते. मार्केटमध्ये लागल्यापासून मात्र त्रास वाढला. हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा घासणे, रात्रभरचा घाम आणि तो घाम खांद्यावरच्या गमछाने खसाखसा पुसण्याची सवय, या तिन्हींचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. बोलताना तो डाव्या गालावर हात ठेवून बोलत असे. ती गोष्ट मी कागदावर नोंदवली नव्हती, पण ती माझ्या चांगली लक्षात राहिली आहे.

पहिली भेट आणि माझी चिठ्ठी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो एकटाच आला. दोन्ही गाल, कपाळ आणि जबड्याच्या कडेला मिळून सुमारे चाळीस काळी-पांढरी टोके आणि बावीस लाल, दुखऱ्या पुटकुळ्या होत्या. जुन्या मुरमांचे तपकिरी डाग होते आणि डाव्या गालावर दोन लहान खड्डे पडू लागले होते. खोल गाठी नव्हत्या. मध्यम तीव्रतेची मुरमे, एवढे निदान स्पष्ट होते.

अशा रुग्णाला रेटिनॉइड द्यायचे, यात दुमत नाही. मुरूम दिसू लागण्याच्या काही आठवडे आधीपासून केसाच्या मुळाशी मृत पेशींचे बारीक बूच तयार होत असते. तेलग्रंथीचे तेल त्यामागे साचते, तिथे जिवाणू वाढतात आणि मग दाह सुरू होतो. अ जीवनसत्त्वापासून निघालेली ही औषधे ते बूच मुळात तयारच होऊ देत नाहीत. त्यांपैकी ट्रेटिनॉइन मुरमांवर उपयोगी पडते हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचाशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली दाखवले, आणि 1971 साली तिथे त्याला मान्यता मिळाली. पन्नासहून अधिक वर्षे वापरात असलेले हे औषध आहे. त्याच्या परिणामाला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्याआधी त्वचा कोरडी पडणे, चुरचुरणे, पापुद्रे निघणे हे बहुतेकांना सोसावे लागते. बरेच रुग्ण याच काळात औषध सोडतात.

त्याला मी विचारले, “सध्या चेहऱ्याला काही औषध लावतोस का?” तो म्हणाला, “नाही.” मी ट्रेटिनॉइन 0.05 टक्के क्रीम आणि दिवसा लावण्यासाठी क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक जेल लिहून दिले. क्रीमच्या पुढे लिहिले, ‘रात्री लावणे’. थोडी आग होईल, घाबरू नकोस, सहा आठवड्यांनी ये, असे तोंडी सांगितले. बाहेर अकरा रुग्ण बसले होते. ही संपूर्ण भेट दहा-बारा मिनिटांची झाली.

अडचण कशी उभी राहिली

त्याने चिठ्ठीचे अक्षरशः पालन केले. रात्री साडेबाराला तोंड धुऊन, ओल्या चेहऱ्यावरच क्रीम लावायचे आणि एक वाजता हेल्मेट घालून निघायचे. गाळ्यावर पोचेपर्यंत घाम फुटलेला असे. गमछाने तोंड पुसले की क्रीम नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत सरकत असे. त्या जागा सर्वात आधी फुटल्या. सकाळी तोच चेहरा न धुता तो ऑक्टोबरच्या उन्हातून घरी येत असे. रेटिनॉइडमुळे त्वचेचा वरचा थर पातळ आणि हळवा होतो, म्हणून ते झोपण्यापूर्वी लावायचे आणि सकाळी धुऊन उन्हापासून जपायचे, हा ‘रात्री’ या शब्दामागचा अर्थ होता. त्याच्या वेळापत्रकात तो अर्थ उलटा झाला.

दुसरी गोष्ट मला महिनाभराने कळली. गेले तीन महिने तो एका मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेले ‘डाग जाण्याचे क्रीम’ रोज लावत होता. ते त्याच्या लेखी औषध नव्हते, क्रीम होते. त्यामुळे माझ्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर त्याच्या समजुतीप्रमाणे खरेच होते. त्या ट्यूबमध्ये डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, मोमेटासोन हे स्टिरॉइड आणि ट्रेटिनॉइन असे तिन्ही घटक होते. म्हणजे माझे क्रीम सुरू झाल्यावर त्याच्या चेहऱ्याला ट्रेटिनॉइन दोनदा मिळू लागले, आणि त्यातून होणारा दाह स्टिरॉइडने दाबून ठेवला. आठव्या दिवशी ती ट्यूब संपली. नवी आणावी की नको, या विचारात दोन-तीन दिवस गेले आणि दाबलेले सगळे एकदम उसळून वर आले.

अकराव्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तो दाढी करायला सलूनमध्ये गेला. वस्तरा फिरल्यावर कारागिराने नेहमीप्रमाणे तुरटीचा खडा ओला करून दोन्ही गालांवर घासला आणि वर आफ्टरशेव्ह लावले. खुर्चीचे हात घट्ट धरून आपण डोळे मिटून बसलो होतो, असे त्याने मला नंतर सांगितले. घरी येईपर्यंत गाल तापलेल्या तव्यासारखे झाले होते. आईने आधी बर्फ लावला, मग कोरफडीचा गर, मग हळद. हळद लावताच तो ओरडला. बाराव्या दिवशी त्याने सगळे बंद केले. चार-पाच दिवसांत त्वचा सापासारखी सोलवटून निघाली आणि खालून जी निघाली ती लालबुंद, बारीक दाण्यांनी भरलेली होती. तो आठवडाभर कामावर गेला नाही आणि मित्रांचे फोन उचलेना.

दुसरी भेट

तो स्वतःहून परत आला नसता. नोव्हेंबरच्या मध्यावर आईने त्याला आणले. खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या मलमानं पोराचं तोंड भाजलं. तुम्हीच सांगा आता, काय करायचं आम्ही?”

या वाक्याला उत्तर काय द्यायचे, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता. औषधाचा हा ठाऊक असलेला परिणाम आहे, तुम्ही ते नीट लावले नाही, असे सांगणे सोपे होते आणि त्याचा पहिला भाग खराही होता. पण मुलगा मान खाली घालून बसला होता आणि चूक त्याच्यावर गेली असती तर तो उपचाराला कायमचा मुकला असता. मी म्हटले, “काकू, त्रास माझ्याच औषधाने झालाय. कुठे चुकलं ते आधी आपण तिघं मिळून शोधू.” मग त्याला विचारले, “काल उठल्यापासून आजपर्यंत चेहऱ्याला काय काय लागलं, सगळं सांग. साबण, पाणी, गमछा, काहीही सोडू नकोस.”

त्या एका प्रश्नातून वर लिहिलेले सगळे बाहेर आले. रात्रपाळी तेव्हा कळली. सलून तेव्हा कळले. आणि आईने पिशवीतून त्या दुसऱ्या क्रीमची मुरगळलेली रिकामी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. ट्यूबवर बारीक अक्षरांत घटकांची नावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना, दोन्ही छापलेले होते. बाहेरून लावायच्या अनेक स्टिरॉइडना 2018 पासून अनुसूची ‘एच’मध्ये घातले गेले आहे, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळताच कामा नयेत. तरीही डाग, पुरळ किंवा गोरेपणासाठी म्हणून ती काउंटरवरून सर्रास दिली जातात, आणि त्यांनी बिघडलेले चेहरे मी दर आठवड्याला पाहते. याचा मला मनापासून राग येतो. पण तो राग या घरावर काढण्याचे कारण नव्हते.

तपासताना एक प्रश्न सोडवायचा होता: ही ॲलर्जी आहे, रेटिनॉइडचा दाह आहे, की स्टिरॉइड सुटल्याचा उलटा झटका? ॲलर्जीत खाज मुख्य असते, पापण्या सुजतात, पाण्याचे बारीक फोड येतात. यातले काही नव्हते. त्याची तक्रार आगीची होती, खाजेची नव्हती. क्रीम साचून राहिलेले कोपरे जास्त सोलवटले होते, हे रेटिनॉइडकडे बोट दाखवत होते. मात्र औषध बंद होऊन तीन-चार आठवडे झाले तरी गालांवर एकसारख्या आकाराचे लाल दाणे होते, गालांच्या उंचवट्यावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि उन्हात गेले की चेहरा पेटत होता. निव्वळ रेटिनॉइडचा दाह इतके दिवस टिकत नाही. दोन्ही कारणे एकत्र होती, आणि त्या क्षणी जे दिसत होते त्यात स्टिरॉइडचा भाग मोठा होता.

कोणते पर्याय होते

रेटिनॉइड कायमचे सोडून फक्त प्रतिजैविक जेलवर ठेवावे, असे आईला वाटत होते. ते सौम्य असते, पण नुसते प्रतिजैविक महिनोन्‌महिने लावले तर जिवाणूंना त्याची सवय होते, आणि मुळातले बूच तसेच राहते. त्या दृष्टीने पहिल्या वेळी मी दिलेले क्लिंडामायसिनही जिवाणू मारणाऱ्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने द्यायला हवे होते.

मुलाने स्वतः विचारलेला पर्याय आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा होता. मार्केटमधल्या कोणाला तरी त्यांनी गुण आला होता. त्या गोळ्या प्रभावी आहेत यात शंका नाही. पण त्यांनी ओठ आणि त्वचा फार कोरडी पडते, यकृत आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि आधीच सोललेल्या चेहऱ्यावर त्या सुरू करणे मला पटले नाही. खोल गाठी नसल्याने घाईही नव्हती. तो मार्ग आम्ही राखून ठेवला.

स्टिरॉइडच सौम्य प्रमाणात पुन्हा देऊन हळूहळू कमी करायचे, असेही करता येते. ट्यूब नुकतीच सुटली असती तर मी तसा विचार केला असता. इथे ती सुटून महिना होत आला होता आणि सर्वात वाईट काळ त्याने काढला होता. पुन्हा त्याच दारातून आत नेण्यात अर्थ नव्हता.

राहिला तो पर्याय: आधी सगळे थांबवून त्वचा शांत होऊ द्यायची, मग वेगळे रेटिनॉइड, वेगळ्या वेळी, अगदी थोड्या वेळासाठी सुरू करायचे. याचा तोटा म्हणजे वेळ. गुण दिसायला मार्च उजाडणार होता, आणि ज्याने एकदा भाजून घेतले आहे त्याच्याकडे तेवढा धीर मागायचा होता. मी ते त्याच शब्दांत सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “पण या वेळी कधी लावायचं ते घड्याळाप्रमाणे सांगा.”

प्रत्यक्ष काय केले

पहिले चार आठवडे चेहऱ्याला फक्त सौम्य फेस वॉश, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. जोडीला सहा आठवड्यांसाठी डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम ही प्रतिजैविक गोळी, दिवसातून एक. या गोळीबाबत वेळ फार महत्त्वाची होती. ती घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही. हा मुलगा न्याहारी करून थेट झोपत असे. मी सवयीने ‘सकाळी नाश्त्यानंतर’ लिहिले असते तर नवीनच दुखणे मागे लागले असते. गोळी संध्याकाळी सहाला, जेवणाबरोबर, असे ठरले. तिने उन्हाचा त्रासही वाढतो, हे वेगळे सांगितले.

सनस्क्रीनवर गाडी अडली. सकाळी निघण्यापूर्वी गाळ्यावर क्रीम लावायचे म्हणजे सगळे हसतील, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. शेवटी मार्केटमधल्या नळावर तोंड धुतल्यावर तिथेच, आडोशाला, जेलसारखे, चेहऱ्यावर न दिसणारे सनस्क्रीन लावायचे आणि हेल्मेटच्या आत स्वच्छ सुती रुमाल बांधायचा, यावर तडजोड झाली. गमछा चेहऱ्याला लावायचा नाही. घाम टिपायला वेगळा मऊ रुमाल. वस्तरा, तुरटी आणि आफ्टरशेव्ह बंद. दाढी ट्रिमरने, घरीच.

डिसेंबरच्या मध्यावर लाली बरीच उतरली होती. ट्रेटिनॉइनऐवजी मी ॲडापलीन या दुसऱ्या रेटिनॉइडचे 0.1 टक्के जेल निवडले. ते तुलनेने कमी झोंबते, आणि ट्रेटिनॉइन प्रकाशात लवकर निकामी होते तसे याचे होत नाही. अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळालेले हे औषध तिथे 2016 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे आहे.

वेळेचा प्रश्न राहिला होता. झोपण्यापूर्वी म्हणजे सकाळी साडेदहाला लावणे हा ‘रात्री’चा सरळ अनुवाद झाला असता. पण त्या वेळी तो उन्हातून नुकताच आलेला असे, चेहरा तापलेला असे, आणि घराच्या एकाच मोठ्या खिडकीला पडदा नव्हता. त्याउलट संध्याकाळी सातला तो ताजातवाना, घरात, पंख्याखाली अभ्यासाला बसलेला असे आणि ऊन मावळलेले असे. म्हणून सात वाजता, अंघोळ होऊन चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावायचे आणि अर्ध्या तासाने धुऊन मॉइश्चरायझर लावायचे, असे एक दिवसाआड सुरू केले. दर आठवड्याला तासभर वाढवत नेले आणि सहा आठवड्यांनी तो सातला लावून रात्री साडेबाराला, कामावर निघताना धुऊ लागला.

लावण्याचे प्रमाण मी या वेळी तोंडी सांगितले नाही, करून घेतले. त्याला म्हटले, “नेहमी घेतोस तेवढे बोटावर घे.” त्याने टूथपेस्टसारखी पेराएवढी लांब रेघ काढली. मी ती पुसली आणि मटारच्या दाण्याएवढा ठिपका ठेवला. तो बोटाकडे पाहत म्हणाला, “कोणता मटार मॅडम? जबलपूरचा मोठा असतो, सासवडचा बारीक.” हिशेब लिहिणाऱ्या मुलाचा तो रास्त प्रश्न होता. “बारीक,” मी म्हटले, “आणि तेवढाच अख्ख्या चेहऱ्याला.” कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके देऊन त्याने माझ्यासमोर ते पसरवले. ओठांचे, नाकाचे आणि डोळ्यांचे कोपरे आधी व्हॅसलीनने झाकून घ्यायचे, हेही तिथेच करून पाहिले. या सगळ्याला सात मिनिटे लागली.

तिसरा आठवडा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला त्याचा मेसेज आला: पाच-सहा नव्या पुटकुळ्या आल्या आहेत, बंद करू का? सोबत फोटो होता.

हा निर्णय फोटोवरून घ्यायचा की त्याला बोलवायचे, याचा मी विचार केला. पहिल्या वेळी सगळे बिघडले ते याच टप्प्यावर, आणि तेव्हा तो मला विचारू शकला नव्हता. त्याच्याकडे माझा नंबरही नव्हता. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला बोलावले. त्वचा किंचित कोरडी होती, पण लाल नव्हती, आग नव्हती. पुटकुळ्या जुन्याच जागी, आधी बारीक टोके होती तिथे आल्या होत्या. औषध सुरू केल्यावर काहींना पहिल्या काही आठवड्यांत असा उठाव होतो. त्याच वेळी डॉक्सिसायक्लिनही नुकतीच संपली होती, त्यामुळे दोष नेमका कशाला द्यायचा हे ठामपणे सांगता येत नव्हते, आणि मी तसे त्यालाही सांगितले. औषध बंद न करता चार दिवस फक्त अर्ध्या तासावर आणायचे आणि मग पुन्हा वाढवायचे, असे ठरले. पंधरा दिवसांत उठाव बसला.

फेब्रुवारीत मी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जोडले, सकाळी घरी आल्यावर तोंड धुऊन लावायला. ॲडापलीनबरोबर ते चालते. एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली: ते कापडाचा रंग उडवते. त्याच्या आईने दिवाळीत आणलेल्या गडद निळ्या अभ्र्यावर आठवडाभरात नारिंगी चट्टे पडले. पुढच्या भेटीत त्या अभ्रा घेऊनच आल्या, या वेळी मात्र तक्रार करायला नव्हे. हे औषध पोराच्या तोंडाचाही असाच रंग उडवेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. नाही उडवणार, असे सांगितल्यावर त्या निवांत झाल्या. तेव्हापासून तो पांढऱ्या अभ्र्यावर झोपतो.

निष्पत्ती

बाराव्या आठवड्यात, मार्चच्या मध्यावर, दुखऱ्या पुटकुळ्या बावीसवरून नऊवर आल्या होत्या आणि काळी-पांढरी टोके निम्म्याहून कमी झाली होती. मेमध्ये तो गावी यात्रेला गेला, दहा दिवस उन्हात हिंडला आणि जेल घरीच विसरला. परतल्यावर चार-पाच नवीन मुरमे घेऊन आला. जूनमध्ये, चोविसाव्या आठवड्यात, तीन पुटकुळ्या होत्या. गालांवरच्या बारीक रक्तवाहिन्या पुष्कळ पुसट झाल्या होत्या. तपकिरी डाग अजून होते, कारण आपल्या वर्णाच्या त्वचेत ते मावळायला मुरमांपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेतात. पण ते फिकट होत चालले होते. दोन खड्डे होते तसेच आहेत.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात 0.05 टक्क्यांऐवजी 0.025 ने किंवा ॲडापलीननेच करायला हवी होती. दमट हवेत, घामाच्या कामात असलेल्या माणसाला कमी मात्रेपासून वर नेणे सोपे जाते. उतरवत आणणे म्हणजे विश्वास गमावून मग औषध देणे. पण मात्रा बरोबर असती तरी बाकीचे चुकलेच असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. वेळ, ओला चेहरा, तुरटी आणि दुसरी ट्यूब यांनी 0.025 टक्के क्रीमनेही चेहरा सोलला असता.

‘औषध लावतोस का’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. ‘चेहऱ्याला काय काय लागते’ असे विचारते आणि घरातल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगते. कधी झोपता आणि दाढी कुठे करता, हे दोन प्रश्नही विचारते. मुलींना आणि स्त्रियांना वॅक्सिंगबद्दल विचारते, कारण रेटिनॉइड चालू असताना वॅक्सबरोबर त्वचाही निघून येते. आणि गरोदरपणाचा विचार आहे का हे विचारल्याशिवाय यातले कोणतेही औषध लिहीत नाही.

सहा आठवड्यांनी ये, हे सांगणे चुकले. रेटिनॉइडचा सर्वात अवघड काळ दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात असतो. भेट तिथे हवी होती. आता मी दोन आठवड्यांनी बोलावते, आणि येणे जमत नसेल तर फोन तरी करायला लावते. बाहेर अकरा रुग्ण बसलेले असताना प्रत्येकाला एवढा वेळ कुठून द्यायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो माझ्याकडून पूर्ण सुटलेला नाही. औषध लावून दाखवण्याचे काम मी क्लिनिकमधल्या मदतनीस मुलीला शिकवले आहे. ती माझ्यापेक्षा जास्त धीराने करते.

एका गोष्टीबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. दुसऱ्या भेटीनंतर त्या मेडिकलवाल्याशी मी जाऊन बोलायला हवे होते का? मुलाने तेव्हा नको म्हटले. दुकान त्याच्याच गल्लीत होते आणि मालक वडिलांच्या ओळखीचा. मी त्याचे ऐकले. त्या दुकानातून त्यानंतर ती ट्यूब आणखी किती जणांनी नेली असेल, हा विचार मनातून जात नाही.

सध्याची स्थिती

तो आता आठवड्यातून तीन संध्याकाळी ॲडापलीन लावतो आणि किमान वर्षभर लावावे असा माझा सल्ला आहे. जुलैमध्ये त्याने बहिणीसाठी तेच जेल मागितले. ती सतरा वर्षांची आहे आणि तिला कपाळावर थोडी मुरमे आहेत. त्याच्या चिठ्ठीवर तिला औषध देता येणार नाही, तिला घेऊन ये, असे मी सांगितले. ती पुढच्या शनिवारी आईबरोबर आली आणि येताना पिशवीत चार ट्यूब घेऊन आली. खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचा उपचार) करायचे की नाही, हे मुलाने ठरवलेले नाही. खर्चाचा प्रश्न आहे, आणि त्याआधी सहा महिने नवीन मुरूम जवळजवळ येऊ नये अशी माझी अट आहे. तोपर्यंत दर दोन महिन्यांनी तो संध्याकाळी सहाला, कामाला निघण्याच्या सात तास आधी, तपासायला येतो.